पेरलेली लहर

घरी आणि कामावर, दोन्हीकडे तिला ‘कुलूप’ म्हणत. तिच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर यायची नाही. वहिनीला दिवस गेल्याचं तिला सर्वांत आधी कळलं होतं. आईला मात्र ते वहिनीचं पोट दिसायला लागल्यावरच कळलं. इतकं घट्ट असणं बरं नव्हे, असं आई म्हणायची. पण आईचं कोण ऐकतो!

ती आणि तिचा दादा एकाच वेधशाळेत कामाला होते. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की गुरुत्वीय लहर उठते. इथे पोचेपर्यंत ती इतकी क्षीण होते की रस्त्यावरून ट्रक गेला तरी यंत्राला जास्त हादरा बसतो. कुलूप यंत्र सांभाळायची, दादा लहरी वाचायचा. त्याचं सारं आयुष्य एका प्रश्नात गेलं होतं. दोन अजस्र तारे जोडीने जन्मतात. थोरला आधी फुगतो, आपलं अंग धाकट्यावर ओततो आणि कोसळून कृष्णविवर होतो. मग धाकटा फुगतो आणि थोरल्यालाच पोटात घेतो. त्या घुसमटीतून जोडी वाचते, की तिथेच संपते? दादाचं गणित म्हणे, वाचते. पुरावा म्हणून त्याला अशी लहर हवी होती, जिच्यात दोघं एकाच दिशेने गिरक्या घेत विलीन झाली आहेत. वाटेत भेटलेल्यांच्या गिरक्या सहसा जुळत नाहीत, जन्मापासूनच्या जोडीच्या जुळतात. हे तो जेवताना दोन वाट्या फिरवून सांगायचा आणि वहिनी म्हणायची, “सांडलंत की तुम्हीच पुसायचं.”

वेधशाळेत एक रीत होती. माणसं जागी आहेत की नाही हे पाहायला यंत्रात गुपचूप खोटी लहर पेरायची. ते माहीत फक्त पेरणाऱ्याला आणि प्रमुखांना. बाकीच्यांना कळायचं ते थेट मोठ्या बैठकीत, तोवर मंडळी लेखही लिहून मोकळी झालेली असायची. त्या वर्षी पेरणी कुलपाकडे आली. तारे कसे असावेत तेही तिनेच ठरवायचं होतं. तिने दादाच्या मनातलेच घेतले, वजनं त्याच्या गणितातली आणि गिरक्या एका दिशेच्या. परीक्षा होईल आणि बिचारा चार दिवस हवेत तरंगेल, एवढाच तिचा विचार. थट्टाच होती ती, पण मायेची.

लहर पाहून दादा खुर्चीतून उठला आणि सगळ्यांसमोर रडला.

त्याच आठवड्यात त्याची पाठ दुखायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे, कधीही फुटेल, लगेच ऑपरेशन करा. दादा म्हणाला, “लेख संपू दे. बैठक झाली की कापा हवं तिथे.” वहिनी रडली, भांडली, अबोला धरून बसली. पालथ्या घड्यावर पाणी.

कुलूप प्रमुखांकडे गेली. “सर, त्याला एकट्याला सांगू द्या.”

“एकाला सांगितलं की शंभरांना कळतं. सगळ्यांची मेहनत फुकट जाईल. आता बैठकीला राहिलेत किती दिवस? आणि डॉक्टर काय, घाबरवतातच.”

ती जिन्यात थोडा वेळ उभी राहिली. मग कुणाची परवानगी न घेता तडक दादाच्या घरी गेली. तो इस्त्रीच्या टेबलावर संगणक मांडून, पाठीशी उशी घेऊन बसला होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

“दादा, ती लहर खोटी आहे. मी पेरलीय.”

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. “हिने पढवलं वाटतं?”

“कुणी नाही पढवलं. आईशप्पथ. आकडे सांगू?” तिने वजनं घडाघडा म्हणून दाखवली.

“ते तर माझेच आकडे आहेत! आणि काय गं, पेरणारा कधी बोलतो का? त्यातून तू. खरंच पेरली असतीस ना, तर मेलीस तरी बोलली नसतीस.” हसता हसता त्याच्या पाठीत कळ आली.

तिला रडूच फुटलं. वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ती पुन्हा वेधशाळेत गेली आणि प्रमुखांवर असा आवाज चढवला की लोक खोल्यांतून बाहेर आले. प्रमुख नमले, सकाळी स्वतः येऊन सांगतो म्हणाले. आलेही. तेव्हा दादाच्या दारात रुग्णवाहिका उभी होती, आणि तिला घाई नव्हती. दाढी करता करता तो खाली बसला, तो उठलाच नाही.

बैठकीत प्रमुखांनी पेरलेले आकडे आणि दादाने वाचलेले आकडे पडद्यावर शेजारी शेजारी दाखवले. तंतोतंत जुळत होते. इतकं अचूक वाचन आजवर झालं नाही, असं ते म्हणाले, आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कुलपाला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. ती भर टाळ्यांतून उठली आणि वहिनीकडे आली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिला सांगणं भाग होतं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या दिवशी तू खरं बोलत होतीस?”

“हो.”

“मला वाटलं, ह्यांनी दवाखान्यात जावं म्हणून माझ्यासाठी खोटं बोलतेयस. तू गेल्यावर मी ह्यांना म्हटलंसुद्धा, बहिणीची किती माया आहे हो तुमच्यावर.”