हिंदुरावांचा रुमाल

आमचे हिंदुराव बसमध्ये चढत नसत; आधी त्यांचा रुमाल चढे. संध्याकाळी स्वारगेटला बस थांबायच्या आत खिडकीतून निळ्या चौकटींचा रुमाल सीटवर पडायचा आणि मागून मंडईजवळच्या भुसार दुकानातले हे दिवाणजी संस्थानिकासारखे सावकाश येऊन त्यावर बसायचे. तिथून खडकवासल्यापर्यंत ती जागा त्यांची. कुणी मागितलीच, तर उत्तर ठरलेलं: "जागा हवी होती तर रुमाल आणायचा." हे वाक्य त्यांना इतकं आवडे की जेवताना ते मथुराबाईंना पुन्हा ऐकवत. मुलगी हेमा खाली मान घालून जेवत राही.

या हेमाने मोबाईलवरचा एक खेळ तयार केला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. समोर पर्याय येतात, एक निवडला की गोष्ट पुढे सरकते. कॉलेजात बक्षीस मिळालं म्हणून हिंदुरावांनी दुकानात पेढे वाटले आणि खेळ काय आहे ते नंतर बघायला बसले.

खेळात रोजचीच बस होती, पण स्वप्नातली. धरणाच्या पाण्यावरून चालायची. कंडक्टर तिकीट म्हणून जिवंत मासोळी द्यायचा. हिंदुराव खूष होऊन हसले. मग पाय मुरगळलेली एक मुलगी आली, चेहऱ्याला स्कार्फ, मैत्रिणीच्या खांद्यावर हात. खिडकीशी एक माणूस रुमालावर बसलेला. मैत्रिणीने जागा मागितली. माणूस बाहेर बघतच म्हणाला, जागा हवी होती तर रुमाल आणायचा.

"ओळखतेस का गं यांना?" मैत्रीण विचारत होती. पर्याय दोन: 'माझे बाबा' आणि 'नाही'.

हिंदुरावांनी 'माझे बाबा' दाबलं. बस गिरकी घेऊन पुन्हा स्वारगेटला. पुन्हा दाबलं, पुन्हा स्वारगेट. शेवटी 'नाही' दाबलं, तेव्हा बस निमूट पुढे गेली आणि मुलगी एक थांबा आधी उतरून लंगडत घरी निघाली.

दिवाळीआधी हेमा अशीच लंगडत आली होती. दारात हिंदुरावांनीच विचारलं होतं, बस मिळाली नाही का?

खेळ चांगला आहे, असं मथुराबाईंना सांगून ते उगाच नळाला पाणी आलंय का बघायला गेले.

तेव्हापासून स्कार्फ दिसला की हिंदुराव उठतात. पुण्यात स्कार्फ किती, म्हणजे त्यांचं बसणं संपलंच. परवा अशीच एकीला जागा दिली. शेजारची मैत्रीण तिच्या कानाशी काहीतरी बोलली. स्कार्फमधले डोळे वर आले. हेमाचे की दुसऱ्या कुणाचे, हे तिच्या जन्मदात्याला कळेना, आणि विचारायची छाती होईना. हेमा असलीच, तर मैत्रिणीदेखत तिला आपल्याबरोबर उतरावं लागेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते एक थांबा आधीच उतरले.

निळ्या रुमालाने घाम पुसत चालत घरी पोचले. दार हेमाने उघडलं. स्कार्फ अजून गळ्यात होता.

"बस मिळाली नाही का?" तिने विचारलं.

हिंदुराव चपला काढायला वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.