आईनं गुळगुळीत केलेली भिंत

लालबागच्या चाळीत मला खोली मिळाली आणि वडिलांमागे गावी एकटी राहिलेली आई प्रथमच माझ्याकडे आली. ती कायमची राहावी एवढीच माझी इच्छा होती. पण तिचा जीव रमेना. "इथं सारवायला जमीन नाही, लिंपायला भिंत नाही. मी दिवसभर करू काय?" त्यातून खोलीतली मोरी कुबट. गिलावा गळून आतल्या विटा ओल्या झालेल्या. मी म्हटलं, मोरीला पांढऱ्या टाइल्स बसवतो, मग तरी राहशील? "बघू," म्हणाली. आमच्या घरात 'बघू' म्हणजे बहुतेक 'नाही'च.

डिलाईल रोडवरून एक मालवणी मिस्त्री आणला. त्यानं सकाळीच खांद्याच्या उंचीपर्यंत नवा गिलावा केला आणि ओला असतानाच त्यावर थापीच्या टोकानं आडवेतिडवे ओरखडे काढले. टाइलमागचं सिमेंट त्या ओरखड्यांत धरून राहतं. "हात लावू नका," असं बजावून तो गेला, आणि मी ऑफिसला.

संध्याकाळी येऊन पाहतो तर भिंत आरशासारखी! आई तिच्यासमोर पाट टाकून बसलेली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू.

"अरे, अर्धवट टाकून गेला होता तो. ओली होती तोवर मीच हात फिरवला."

गावात दुसऱ्यांची घरं लिंपून याच हातांनी तिनं मला बी. ए. केलं होतं. "छान झालीय," म्हणालो आणि गॅलरीत जाऊन कठड्यावर मूठ आपटली.

दुसऱ्या दिवशी 'मुंबई मिळालीच पाहिजे' म्हणून हरताळ. दुकानं बंद, मिस्त्री मोर्चाला. तोवर गिलावा कडक झाला. पुढल्या दिवशी त्यानं भिंत पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आये, ह्यां काय केलंस?"

"नीट केलं. तुला जमलं नव्हतं."

"अगो, टाइल घसरून तुझ्या पायावर पडेल!"

मग छिन्नी-हातोडा काढून टाचे मारून सारी भिंत पुन्हा खडबडीत करणं आलं. शेजारच्या काकू दारात हजर. "मुंबई अशी ठोकून मिळते होय रे? आमच्या फळीवरचे डबे नाचतायत!" काकूंची समजूत मी घालायची, मिस्त्रीचा चहाही मीच करायचा, कारण आई त्याच्यासाठी आधण ठेवीना. "चांगल्या भिंतीला देवीचे वण आणले मेल्यानं," एवढंच पुटपुटत होती. शेवटी म्हणाली, "रविवारी मला गाडीत बसवून दे. इथं भिंतीलासुद्धा माझा हात चालत नाही."

"आई, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना!" मी ओरडलोच. आईवर ओरडण्याची माझी पहिलीच वेळ. हातोडासुद्धा थांबला.

मिस्त्रीनं तोंडावरची धूळ पुसली. "टाइल्स खांद्यापर्यंतच लागणार. वरची भिंत व्हायचीय अजून. ती गुळगुळीतच करायची."

"कोण करणार ती?" आईनं विचारलं.

"मीच. दुसरा कोण?"

"तुझा हात बघितलाय मी. वरची मी करीन."

"सिमेंट हात खातं, आये."

"माझ्या हातांना आजवर काय काय खाऊन झालंय, तुला काय ठाऊक!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यामागून त्याला हात जोडले.

खाली टाइल्स लागल्या आणि वरचा पट्टा तिनंच केला. ती स्टुलावर, खाली स्टूल धरून मी, आणि मिस्त्री दाराशी विडी ओढत. नव्या भिंतीला आठवडाभर पाणी मारा, असं तो जाताना सांगून गेला. रविवार आला. गाडीचं नाव आईनं काढलं नाही. मी तर नाहीच नाही. काकूंना सांगताना मात्र ऐकलं, "ह्या दोघांच्या भरवशावर भिंत टाकून कशी जाऊ?"

सोमवारी सकाळी नळाला आलेलं पिंपभर पाणी तिनं भिंतीला पाजलं. मी टॉवेल घेऊन उभा.

"तिला पिऊ दे पोटभर," आई म्हणाली. "तू उद्या कर आंघोळ."

मी तसाच ऑफिसला गेलो.