आईची पेशी

लोधीपुऱ्यातल्या घरी चप्पल काढायच्या आत आई विचारायची, "काय वं, पेशीत काय झालं?"

झालं असं, की एका सकाळी मी घाईत म्हणाले, "आज पेशी बघायच्यात, उशीर होईल." माझं शिक्षण जळगावचं, पेशी म्हणजे शरीराचा बारीकसा कण, दुसरं काही डोक्यातच आलं नाही. पण बुऱ्हाणपुरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. आईचा चेहरा उतरला. "कोनाशी झगडा केला वं तू?" मी पोट धरून हसले. समजावून सांगितलं, तरी तिने तो शब्द काही सोडला नाही.

तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये केळफुलातून काढलेली पिवळी पूड तपासत होते. फ्लॅवोनॉइड म्हणतात त्याला. त्याने जखम लवकर भरते का, एवढंच बघायचं होतं. बशीत पेशींचा पातळ थर वाढवायचा, त्यावर ओरखडा काढायचा, पूड विरघळवून घालायची आणि मग अधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मधे मोकळी पट्टी, आणि दोन्ही काठांच्या पेशी पुढे पुढे आलेल्या. उन्हाळ्यात अलीकडे राजघाटावरून आणि पलीकडे जैनाबादकडून माणसं तापीत उतरतात ना, तशा. बघता बघता माझी तंद्री लागायची, चहा गार होऊन जायचा. इतकं शांत मला दुसरीकडे कुठेच वाटलं नाही.

घरी आईच्या पायाचं बोट मात्र भरत नव्हतं. शुगरची जखम. आणखी काळं पडलं तर काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"थोडी पूड लाव ना माझ्या बोटाला," ती म्हणाली. "केळी तर आपल्याच मळ्यातली आहे."

मला रडू आलं, आणि रागही आला. "नाही लावता येत, आई. बशीतलं माणसापर्यंत यायला वर्षं जातात."

"मंग माझी पेशी कधी?"



एका सकाळी पूड घातलेल्या बशीतली पट्टी पार मिटलेली दिसली. शेजारची, बिनपुडीची, अजून उघडीच होती. त्याच दुपारी आईचं बोट काढलं.

संध्याकाळी ती अर्धवट गुंगीत होती. पाय उशीवर, पट्टीत गुंडाळलेला.

"काय वं, पेशीत काय झालं?"

"भरली, आई."

"जिंकलो ना मंग," ती म्हणाली, आणि पायावर चादर ओढून घेतली.