हँडिकॅप उतरल्याचे पेढे

सोसायटीत गवत कापलं, की त्या वासानं मी नव्वदच्या दशकातल्या नाशिकच्या गोल्फ मैदानावर पोचते.

त्या संध्याकाळी आई इतकी सुरेख खेळली, की तिच्याबरोबर खेळणारे शिंदेकाका घाबरले. "वहिनी, हे स्कोअरकार्ड आज क्लबात देऊ नका. खेळ सुधारला म्हणून हँडिकॅप उतरेल, उद्या स्पर्धेत सवलतीचे फटके कमी मिळतील. हातातला कप जाईल!"

"खेळले ते खेळले," म्हणत आईनं कार्ड देऊन टाकलं. आज तिच्या त्या ताठ मानेचं कौतुक वाटतं. तेव्हा मी चिडले होते.

दुसऱ्या दिवशी कप एका फटक्यानं हुकला. परतताना आईनं स्कूटर मिठाईच्या दुकानासमोर थांबवली.

"हरल्याचे पेढे?" मी फणकारले.

"हँडिकॅप उतरल्याचे!"