दहा किलोच्या पुढची करडं

माझी नात शेतकी कॉलेजात शिकते. शेवटच्या वर्षाला स्वतः काहीतरी प्रयोग करून दाखवावा लागतो, तेव्हा तिच्या वर्गातल्या कुणी कांदा घेतला, कुणी ऊस घेतला, आणि हिनं शेळ्या घेतल्या, कारण त्या आमच्या दारात होत्या. सुबाभळीचा वाळवलेला पाला तुरीच्या भुसकटात मिसळून घातला तर करडं लवकर वाढतात का, हे तिला बघायचं होतं. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायकांनी करडांना पाला घालायचा, निम्म्यांनी नेहमीसारखं चरायला सोडायचं आणि सगळ्यांनी आठवड्याला वजन करायचं.

बायका लगेच तयार झाल्या नाहीत. सुबाभूळ जास्त झाली की जनावराचे केस गळतात, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजातल्या सरांनीही तिला तेच बजावलं होतं. शेवटी मी दारोदार गेले आणि सांगितलं, "पाल्यानं तुमच्या करडाचं काही वाईट झालं तर माझ्या दावणीचं सोडून न्या." मग त्या तयार झाल्या. त्यांचा विश्वास नातीवर नव्हता, माझ्या दावणीवर होता.

वजन करायला नातीनं हुकाचा ताणकाटा आणून दिला. तो घरोघर फिरायचा. वजन लिहायला तिनं सगळ्यांच्या मोबाईलवर एक तक्ता टाकून दिला होता. मी चौथी शिकले आहे, आकडे मला येतात, मी बोटानं लिहायची. माझी धाकटी जाऊ लिहीत नाही. ती मोबाईल तोंडाजवळ धरून बोलते आणि मोबाईलच लिहितो. त्यामुळं ती स्वतःला माझ्यापेक्षा जास्त शिकलेली समजते.

थंडी सरल्यावर नात घरी आली ती सगळी वजनं एकत्र करून बघायला. सकाळी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. मी शेजारी शेंगा फोडत होते. दोन रेघा निघाल्या. एक पाला खाणाऱ्यांची, एक न खाणाऱ्यांची. पाल्याची रेघ चांगली वर चढली होती आणि मग एकदम खाली पडली होती, भिंतीवरून पाल पडावी तशी.

तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. मग म्हणाली, "आजी, पाल्याची करडं उतरली."

"कुठं उतरली? माझी दोन्ही दावी तोडत्यात."

"तुझी दोन म्हणजे सगळी नव्हेत ना."

हे खरं होतं. शिवाय पलीकडच्या आळीतल्या एका करडाचे केस जायला लागले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टर खरूज म्हणाला होता. पण डॉक्टर लांबूनच बघून गेला होता.

तिनं तिथंच बसल्या बसल्या सगळ्या बायकांना मेसेज टाकला की संध्याकाळी आमच्या अंगणात या, पाल्याचं बोलायचं आहे. मला म्हणाली, "पाला बंद करा म्हणून सांगते. आणि सरांना सांगते की माझ्याच्यानं हे होणार नाही. दुसऱ्याच्या जनावरांवर प्रयोग करायचा मला काय अधिकार होता?" जेवायला बोलावलं तर उठली नाही.

तिची एकच आशा होती, की काटा बिघडला असेल. मी आतून मिठाच्या एक-एक किलोच्या पुड्या आणल्या, पाच पुड्या पिशवीत घालून काट्याला लावल्या. काटा पाचावर उभा राहिला. तिनं खाली बघितलं. आपला काटा बरोबर निघाला म्हणून तोंड पाडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

मला रडकं तोंड बघवत नाही. समजूत घालता येत नाही, ते माझं काम नव्हे. पण माणूस बोलत असलं की रडत नाही, एवढं मला कळतं. म्हणून विचारलं, "ही वजनं तुझ्या मशीनच्या पोटात ऱ्हात्यात कशी, ते तरी सांग. आमी एवढी करडं उचलून उचलून खांदं मोडून घेतलं."

"तुला काय करायचंय?"

"ऐकायचंय. दुसरं काम न्हाई मला."

तिनं नाक पुसलं आणि सांगायला लागली. ती ज्या भाषेत आकडेमोड करते तिचं नाव नुसतं आर. एवढ्याशा नावाची भाषा मी ऐकली नव्हती. त्या भाषेत सुटा आकडा नसतोच. एकच वजन दिलं तरी ती त्याला एकाची रांग धरते. त्या रांगेला ते व्हेक्टर म्हणतात. रांगेच्या तोंडाशी एक पाटी असते. आत कुठल्या जातीचा माल आहे आणि किती आहे, ते त्या पाटीवर. पाटीच्या मागं एकाला एक लागून खाने, सगळे एका मापाचे.

"अंड्याच्या ट्रेसारखं," मी म्हणाले.

"हां. म्हणून तिला पटकन सापडतं. पन्नासावा आकडा पाहिजे तर मोजत जायला नको, खान्याचं माप माहीत आहे, सरळ तिथं हात."

"आन मधीच वांगं ठिवलं तर?"

"ठेवताच येत नाही. एका रांगेत एकच जात. आकडे तर आकडे, शब्द तर शब्द. आकड्यांच्या रांगेत एक जरी शब्द घुसला तरी ती शब्दाला हाकलत नाही, सगळ्या आकड्यांनाच शब्द करून टाकते. दिसायला आकडे, पण आतून शब्द. त्यांची बेरीज होत नाही."

"एका वांग्यापायी?"

"एका वांग्यापायी. पण आपल्या तक्त्यात वांगं नाही. थांब, दाखवते. इथं रांगेच्या पाटीवर आकडे असं लिहिलेलं दिसेल."

तिनं काहीतरी टाईप केलं आणि स्क्रीनकडं बघत राहिली. पाटीवर आकडे असं नव्हतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण तिचा चेहरा वाचता येतो. तिनं दुसरं काही टाईप केलं, मग तिसरं. मग वजनं खाली ओढत ओढत गेली आणि एकदम थांबली.

तिथं मराठीत लिहिलेलं होतं, ते मीही वाचलं. बरं हाय.

वजनाच्या खान्यात. खाली आणखी एक बरं हाय. त्याच्या खाली पुन्हा.

हे कुणाचं, ते मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडं कितीतरी बायका करडाची नाळ गळेपर्यंत त्याचं वजन सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. कुणी विचारलंच तर बरं आहे म्हणायचं. मी ते मानत नाही. माझ्या करडांची वजनं मी पहिल्या दिवसापासून सांगितली. त्यातलं एक मेलं, पण ते हगवणीनं. धाकटी जाऊ मात्र मानते. काटा घेऊन गेली, नव्या करडाला नियमानं हुकाला लावलं आणि मोबाईलला सांगितलं, बरं हाय. मोबाईलनं लिहिलं.

"म्हंजे तिनं मुद्दाम केलं?" मी विचारलं.

"नाही गं. चूक माझी. कॉलेजातल्या एका ताईचा जुना प्रोग्रॅम मी तसाच उचलला. त्यात असं आहे की शब्दांची रांग आली की नुसते शब्द ठेवायचे नाहीत. वेगळे शब्द तेवढे काढायचे, अक्षरानं ओळीत लावायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा. मग रांगेच्या खान्यात फक्त नंबर, आणि कुठला नंबर म्हणजे कुठला शब्द, त्याची एक चिठ्ठी रांगेला बांधून ठेवायची. मी त्या रांगेकडं वजनं मागितली, तिनं मला नंबर काढून दिले."

हे मला समजलं. शाळेत आमच्या बाई नावानं हाक मारत नसत, हजेरीच्या नंबरानं मारत. नंबर मोठा म्हणून पोरगी मोठी नसायची. "वजन इचारलं आन हजेरीचा नंबर सांगितला," मी म्हणाले.

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग बोटं मोजत बोलायला लागली, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "अक्षरानं लावायचं म्हणजे पहिलं अक्षर बघायचं. नऊ किलोच्या करडाचं पहिलं अक्षर नऊ. दहा किलोच्या करडाचं पहिलं अक्षर एक. एक आधी. म्हणजे दहा किलोचं करडू नवाच्याच काय, दोन किलोच्या करडाच्याही आधी. अकराचंही तसंच, बाराचंही तसंच. जे करडू दहाच्या पुढं गेलं ते सगळ्यात खाली पडलं."

"आन बरं हाय?"

"ते सगळ्यांच्या शेवटी. धाकट्या आजीचं कालचं करडू आख्ख्या वस्तीत वजनदार ठरलं!"

"तिला सांगू नको. डोक्यावर घिऊन नाचंल."

मग माझ्या मनात आलं ते मी विचारलं. "आन आमी लिवलेली खरी वजनं? ती गेली का?"

"नाही, ती चिठ्ठीवर आहेत. आधी नंबराचे परत शब्द करायचे, मग शब्दांचे आकडे. आणि बरं हाय आहे तिथं रिकामी खूण. त्या खुणेची सोय आकड्यांच्या रांगेत आधीपासून आहे, माहीत नाही असं सांगणारी. तिनं रांग बिघडत नाही."

तिनं ते केलं. दोनदा चुकलं. मी शेंगा फोडायची थांबले होते. मग रेघा पुन्हा निघाल्या. पाल्याची रेघ वर चढली आणि चढतच गेली. दुसरी तिच्याखाली, हळू चढणारी, अजून दहाच्या अलीकडं. पाला खाणारी करडं आधी दहाच्या पुढं गेली होती, म्हणून तीच पडलेली दिसली. चांगली वाढली म्हणून वाईट दिसली.

मी उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले. सकाळपासून दावणीकडं बघायचं मी टाळत होते, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. नात मागनं आली आणि टोपल्यातली भाकरी उभ्यानंच खायला लागली. मी तिला कालवण वाढलं.

संध्याकाळी बायका आल्या. पाच-सहा जणी ओट्याला टेकल्या, बाकीच्या अंगणात बसल्या. नातीनं सांगितलं की हिशोबात माझी चूक झाली होती, ती सापडली, पाला चांगला आहे, घालत राहा. केस गेलेल्या करडाच्या मालकिणीला म्हणाली की उद्या मी स्वतः डॉक्टरला घेऊन येते आणि हात लावून तपासायला लावते.

"एवढ्यासाठी बोलावलं व्हय? माझं दूध तापायचं ऱ्हायलं," एक म्हणाली.

मग नात जाऊला म्हणाली, "धाकट्या आजी, नव्या करडाचं वजन सांगायचं नसेल तर काहीच बोलू नका. खाना रिकामा ठेवा."

"रिकामा ठिवला तर चालतंय?"

"चालतंय."

"मग आधी सांगायचं की! जाऊबाई, तुमच्या नातीला एवढं शिकवलं, पर तोंड उघडायला न्हाई शिकवलं."

"तुला एकटीला पुरंल एवढं तोंड वस्तीत हाय," मी म्हणाले. बायका हसल्या.

तेवढ्यात ज्या निम्म्यांना पाला नव्हता, त्यातली एक उठून उभी राहिली. "थांबा. पाल्यानं करडं मोठी हुत्यात म्हंता. मग आमची का बारीक ठिवली? आमी काय घोडं मारलं?"

नात सांगायला लागली की प्रयोग संपेपर्यंत निम्मी तशीच ठेवावी लागतात, नाहीतर फरक कळत नाही. ते कुणाला पटलं नाही. दुसरी उठली, तिसरी उठली. उद्यापासून आम्हालाही पाला पाहिजे, नाहीतर काटा परत देणार नाही, असं सुरू झालं. नात दोन आठवडे थांबा, दोनच आठवडे, असं हात जोडून म्हणत होती. तिचा आवाज खणखणीत होता.

मी आत जाऊन आडवी झाले. बाहेर भांडण चांगलंच पेटलं होतं, पण ते पाला मिळत नाही म्हणून होतं. ते ऐकता ऐकता माझा डोळा लागला.