फौजेची गाडी, होटगी रोडची बॉडी

लेथखाली लोखंडाची भुकटी साठते ना, तशा या गोष्टी साठतात. झाडू झाडू म्हणत राहून जातं आणि एक दिवस पायात टोचतात. आज टोचल्यात, तर ऐका.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. होटगी रोडला आमचा उसाच्या ट्रॉल्या बांधायचा कारखाना. ऊसच वाळला, मग ट्रॉली कोण घेणार? श्रीपूरकडची गिऱ्हाइकं फिरकेनात. तेवढ्यात मालक आप्पांनी कुठून तरी फौजेच्या ट्रकची बॉडी बांधायचं काम आणलं. आधी नमुन्याची एक गाडी. ती पास झाली, तरच पुढच्या गाड्या.

आप्पा म्हणाले, "पास झाली तर कारखाना, न्हाय तर समद्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडायला."

माझं काम काय, तर फौजेची इंग्रजी कलमं मिस्त्रींना मराठीत सांगायची आणि मिस्त्रींची अक्कल फौजेकडून तपासणीला येणाऱ्या मेजरसाहेबांना हिंदीत. बोलणी दोन्हीकडून मलाच.

*

पहिलंच कलम: मागचा फाळका, खाली पडणारी ती फळी, उघडताना आवाज होता कामा नये. सिद्राम मिस्त्रींनी फाळका बसवला. उघडून बघतो तर असा खणखणाट, की शेजारच्या मागाच्या शेडमधले विणकर बाहेर आले.

"मिस्त्री, आवाज?"

"मुद्दाम ठिवलाय की. माळशिरसचा बागायतदार ट्रॉली कानानं घेतो. वाजली न्हाय तर म्हंतो, लोखंडात हात मारला."

"अहो, पण हा शत्रूला ऐकू जाईल."

"जाऊ द्या की. लई लोखंड हाय म्हणून भिईल तरी."

शेवटी आप्पांनी स्वतः उभं राहून फाळक्याला रबर ठोकून घेतलं. मिस्त्री त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त मानेनं बोलायचे.

*

दुसरं कलम बाकांचं. सामानासकट दहा जवान बसले पाहिजेत. मिस्त्रींनी चाचणीला आख्खा कारखाना गाडीत चढवला. "सरका की जरा, पाय आत घ्या," करत अठरा माणसं कोंबली, वर कोपऱ्यात पाण्याचा माठ.

मेजरसाहेब आले तेव्हा मिस्त्री छाती काढून म्हणाले, "सायेब, धा कशाला? अठरा बसत्यात."

मी भाषांतर केलं. मेजरसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "इनसे पूछो, उतरेंगे कैसे?"

खरंच, उतरताना मधल्या तिघांचे पाय कुणाचे कुठले तेच कळेना.

*

मग पाण्याची चाचणी. गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी करून दिवे लागतात का बघायचं. आता सोलापुरात, त्या साली, चाकं बुडतील एवढं पाणी? आप्पांनी खड्डा खणून टँकर ओतला. दिवे लागले. मेजरसाहेब खूश झाले आणि म्हणाले, एकदा पुन्हा करा.

मागं वळून बघतो तर काठावर शेजारच्या वस्तीतल्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या काखेत घागर. पहिलीच म्हातारी म्हणाली, "गाडी लई न्हाली बाबा. आता आमाला भांडी घासायला तरी नेऊ द्या."

मी भाषांतर करायच्या आत मेजरसाहेबांनी ड्रायव्हरला गाडी बाहेर काढायला सांगितलं.

*

राहिला रंग. रंगारी आमचे रज्जाकचाचा. जन्म नवी पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. आमच्या प्रत्येक ट्रॉलीवर ते मोर काढायचे, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. कलम होतं: सगळा एकच हिरवा रंग, चित्र नाही, अक्षर नाही, फूल नाही. मी चाचांना तीनतीनदा बजावलं. ते प्रत्येक वेळी "हौ साब" म्हणाले.

शेवटची तपासणी संध्याकाळी झाली. फाळका गप्प उघडला. बाकं पास, दिवे पास. मेजरसाहेबांनी पेन काढलं आणि नेमकं तेव्हाच तिरपं ऊन दारावर आलं. दारावर मोर होता. त्याच डब्यातल्या रंगानं, जाड हातानं काढलेला, हिरव्यावर हिरवा. समोरून काही नाही, बाजूनं बघितलं की पिसारा.

आप्पांनी आधी रंगाच्या डब्याकडे बघितलं, मग चाचांकडे. मला तर सगळ्यांच्या हातात खडीचे हातोडे दिसायला लागले. भीतीपेक्षा चाचांचा रागच जास्त आला होता.

"ये क्या है?"

"मोर है साब," चाचा म्हणाले.

"ऑर्डर में मोर था?"

"रंग था. रंग पूरा हुकूम का-च है."

"और मोर किसलिए?"

"मोर रहा तो गाडी घर कू वापस आती, साब. खाली ट्रॉली जाती तो भी बनाता मैं. इसमें तो बच्चे बैठके जाते."

मेजरसाहेब दारावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली, टोपी घातली आणि आपल्या जीपकडे गेले. आत बसले, पुन्हा उतरले.

"चाचा," ते म्हणाले, "इस जीप को कितनी देर लगेगी?"