बॉडीला प्लस

सैन्यातून नाईक या खालच्या हुद्द्यावरून सुटून आलो आणि सांगलीत, हळदीच्या बाजाराजवळच्या चौकात, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. आमच्या भागात सैन्यातून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, त्यामुळे महिन्याभरात मीही मेजर झालो. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मेजराला शोभेल असा आवाजही मी चढवायला लागलो होतो.

हळदीच्या एका अडत्याकडे वडिलांनी घेतलेली जुनी विलायती मोटार होती. ती चालवायला पाटणकडचा एक ड्रायव्हर. वय पन्नाशीच्या पुढे, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वीस वर्षं तीच गाडी त्याच्या हातात. एकदा तो बॅटरी चार्ज करायला गाडी घेऊन आला. चार्ज झालेली बॅटरी बसवायला गेलो तर काय, प्लसची तार थेट गाडीच्या बॉडीला जोडलेली! सैन्यात ज्या गाड्यांना हात लावला त्या सगळ्यांत बॉडीला मायनस. माझं डोकंच फिरलं.

"ही तार कुणी लावली? वीस वर्षं गाडी चालवतोस आणि प्लस-मायनस कळत नाही?"

"मेजर, ह्या गाडीचं पयल्यापासनं उलटंच हाय. थोरल्या शेठच्या वक्तापासनं."

"उलटं गाडीचं नाही, तुझ्या डोक्याचं आहे."

समोरच्या चहाच्या टपरीवर हमाल, दलाल बसलेले असायचे. ते सगळे खो खो हसले. तो मान खाली घालून उभा राहिला.

बॅटरीचा प्लसचा खुंट जाड असतो आणि मायनसचा बारीक. तारांची अदलाबदल होऊ नये म्हणूनच ही सोय असते. मी ती सोयही मोडून काढली. तारेच्या टोकाचा एक क्लॅम्प कानशीने घासून मोठा केला, दुसऱ्यात शिशाची पट्टी कोंबली. गाडी एका दमात सुरू झाली, दिवे लागले. मी ड्रायव्हरकडे बघून "आता?" असं म्हटलंसुद्धा.

दोन दिवसांनी शेठ बायकोला घेऊन साताऱ्याला निघाले. कऱ्हाडच्या पुढे रबर जळाल्याचा वास आला, बॉनेटमधून धूर निघाला आणि गाडी बंद पडली. उसाच्या ट्रॅक्टरमागे बांधून ती माझ्या दुकानात आणली. शेठ संतापले होते.

"या ड्रायव्हरने वाटेत तारांशी काहीतरी चाळा केलाय. वर मलाच सांगत होता, दिवे लावले की बॅटरीच्या मीटरचा काटा भरतीकडे पळतो म्हणून. मेजर, बघा आणि काय ते सांगा. तोवर यानं घरी बसायचं."

ड्रायव्हरने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागला.

मी गाडी उघडली. डायनामोची तार वितळली होती, डायनामो आणि बॅटरीमधल्या कटआउटचे पॉइंट एकमेकांना चिकटले होते, रेडिओ मेला होता. वितळलेली तार सोडवून ठेवली आणि इंजिन बंद ठेवून, दुसऱ्या बॅटरीवर नुसते दिवे लावले. बॅटरी रिकामी होत होती आणि काटा मात्र भरती दाखवत होता. म्हणजे ड्रायव्हर म्हणत होता तेच. बॉनेटखाली पत्र्याची एक छोटी पट्टी होती. तिच्यावरचा तेलकट राप फडक्याने पुसला. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, बॉडीला प्लस. वाचता येत होतं मला, आणि माहीत होतं त्याला. डायनामो आपल्या जुन्या दिशेनेच वीज देत राहिला, बॅटरी मी उलटी लावलेली, आणि दोघांच्या भांडणात तार जळाली.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. जळकी तार बदलली, कटआउट नवा घातला, बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी, बॉडीला प्लस, लावली, आणि डायनामोला बॅटरीवरून तारेचा एक चटका देऊन त्याची दिशाही पक्की करून घेतली. रेडिओ गेला तो गेलाच. हात काम करत होते, पण डोक्यात एकच चाललं होतं. दुकान नवं, अख्खा हळदबाजार शेठच्या शब्दावर चालणारा. 'वायरिंग जुनं झालं होतं' एवढं म्हटलं असतं तरी मी सुटलो असतो. तसं म्हणायचं मी जवळजवळ ठरवलंही होतं, याची आजही लाज वाटते.

शेवटी पेढीवर गेलो. मुनीमजींना बाहेर पाठवायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि शेठना सगळं सांगितलं. मग त्यांनी ड्रायव्हरला निरोप धाडला. तो आला नाही. दुसरा निरोप गेला, तरी आला नाही. तेव्हा मीच एसटीने पाटणला गेलो.

तो गोठ्यात वैरण टाकत होता.

"मामा, चूक माझी होती. शेठना सगळं खरं सांगितलंय. चला."

"कुटं सांगितलंसा?"

"पेढीवर."

"आनि कोन व्हतं?"

"कुणी नाही. दार लावून सांगितलं."

त्याने हातातली पेंढी खाली ठेवली. "मला बोललासा तवा चौकात बोललासा, मेजर. टपरीवरची मानसं हासली. त्यास्नी अजून वाटतंय, ह्याला प्लस-मायनस कळत न्हाई."

मी म्हटलं, "सोमवारी या. चौकातच सांगतो."

सोमवारी बाजाराच्या ऐन गर्दीत मामा आले. मी टपरीपुढे उभा राहिलो आणि हाका मारून माणसं गोळा केली. म्हटलं, या गाडीच्या बॉडीला प्लस असतो हे यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, वर यांनाच बोललो. गाडी मी जाळली. कुणीतरी मागून हसलं, आणि या खेपेला ते हसणं माझ्यावर होतं.

मामा हसले नाहीत. मी बोलून संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किल्ली कुटाय?"